बेंचटॉप मिलिंग मशीन उचलताना दर वेळी कलते: कारणे आणि उपाय

घरच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन हलवण्याची वेळ आली की एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. क्रेन पुरेशी दणकट होती, पट्टे नवे होते, मदतीला माणसेही होती, तरीही मशीन जमिनीवरून सुटताच एका बाजूला झुकले. कोणाचे पुढच्या बाजूला वाकते, कोणाचे हवेत गर्रकन फिरते, तर कोणाचे बेंचवर टेकताना अगदी शेवटच्या क्षणी मागे कलंडू पाहते. लक्षणे वेगवेगळी दिसली तरी मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते: मशीनचा गुरुत्वमध्य आपण समजतो त्यापेक्षा बराच वर आणि मध्यरेषेपासून बाजूला असतो, आणि पट्टा बांधताना त्याचा विचार झालेला नसतो. वजन पेलेल एवढी साधने आणली म्हणजे काम झाले, हा समज मला सर्वांत धोकादायक वाटतो.

वजनाचा आकडा अर्थातच आधी हवा. या वर्गातील सर्वांत लहान मशीन साधारण ५० ते ६० किलोचे असते, मधल्या आकाराचे दीडशे किलोच्या आसपास जाते, आणि चौकोनी कॉलमचे (मागच्या उभ्या खांबाचे) गिअर-हेड (गिअरने वेग बदलणारे) मशीन ३०० किलोच्या घरात किंवा त्याच्याही वर असते. नेमका आकडा मॅन्युअलमधून किंवा नेमप्लेटवरून घ्यावा, आणि तो निव्वळ वजनाचा आहे की पेटीसह, हे पाहून घ्यावे. अमेरिकेतील निऑश या कामगार सुरक्षा आणि आरोग्य संशोधन संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, अगदी आदर्श स्थितीतही एका व्यक्तीने उचलायच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. त्या हिशेबाने सर्वांत लहान मशीनलाही दोन माणसे कमीच पडतात. मोठ्या मशीनला हातांनी उचलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, मग मदतीला कितीही माणसे असोत, कारण त्या सर्वांना एकाच वेळी धरता येईल अशी जागाच मशीनला नसते. टेबलाची टोके, हँडव्हील आणि मोटर धरायला सोयीची वाटतात, पण या तिन्ही जागा उचलण्यासाठी बनवलेल्या नाहीत.

कलण्यामागचा हिशेब

समजा, बेसची रुंदी ३०० मिलिमीटर आहे. म्हणजे मधल्या रेषेपासून कडेपर्यंतचे अंतर १५० मिलिमीटर झाले. हेड (मोटर आणि कटर फिरवणारा स्पिंडल असलेला, कॉलमवर वर-खाली सरकणारा भाग) वर असताना गुरुत्वमध्य बेसपासून ४०० मिलिमीटर उंचीवर असेल, तर मशीन साधारण साडेवीस अंश कलले की तोल सुटतो. हेड खाली आणून तोच मध्य ३०० मिलिमीटरवर आणला, तर ही मर्यादा साडेसव्वीस अंशांवर जाते. सहा अंशांचा हा फरक केवळ एक हँडल फिरवून मिळतो. शिवाय हा हिशेब स्थिर मशीनचा आहे. ढकलत नेताना चाक एखाद्या खड्याला अडकून अचानक थांबले, तर मशीन यापेक्षा खूपच कमी कोनात उलटू शकते. दोन चाकांची साधी हातगाडी या कामाला मी अयोग्य मानतो ती याचसाठी, कारण ती चालवायची म्हणजे ओझे मुद्दाम कलते धरावे लागते.

म्हणून पहिले काम गुरुत्वमध्य खाली उतरवण्याचे. वीज तोडून केबल गुंडाळावी, वाइस, कटर आणि चक काढून ठेवावेत, क्विल (स्पिंडलला खाली-वर नेणारी नळी) पूर्ण आत घेऊन लॉक करावे. टेबलावर लाकडाचा जाड, सपाट ठोकळा ठेवून हेड त्याच्याकडे आणावे, मात्र ठोकळ्याचा आधार हेडच्या ओतीव भागाला मिळावा, स्पिंडलच्या नाकाला नव्हे. धक्का बसला तर तो बेअरिंगवर जाऊ नये. त्यानंतर हेड, सॅडल (टेबलाखालचा पुढे-मागे सरकणारा भाग) आणि टेबल या तिन्हींचे लॉक घट्ट करावेत. गोल कॉलमच्या मशीनमध्ये हेड कॉलमभोवती फिरू शकते, त्यामुळे तेथे हेडचे सर्व क्लॅम्प बोल्ट पान्याने तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. हेडचा क्लॅम्प सैल असल्यामुळे मशीन हवेत असताना हेडच वळते आणि सगळा तोल त्याच्यामागून जातो, हे गर्रकन फिरण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

पट्टा कोठे बांधावा

सर्वाधिक चुका येथेच होतात. पट्टा बेसखालून घालून वर हुकात अडकवणे सर्वांना सुचते, कारण तसे केल्याने पूर्ण मशीन झोळीत बसल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात आधाराची रेषा गुरुत्वमध्याच्या खाली राहते. पट्टा ज्या दिशेने जातो त्या दिशेने मशीन ठीक वाटते, पण त्याच्या आडव्या दिशेला त्याला रोखणारे काहीच नसते, आणि थोडाही धक्का बसला की ते पट्ट्यावरून कोलांटी घ्यायला मोकळे असते. आधार गुरुत्वमध्याच्या वर असेल, तर कललेले ओझे आपोआप सरळ होऊ पाहते. खाली असेल, तर कलणे वाढतच जाते.

उत्पादकाने हेडवर किंवा कॉलमच्या माथ्यावर उचलण्यासाठी आटे दिले असतील, तर तीच जागा सर्वांत चांगली. त्यात बसवायचा आय-बोल्ट उचलण्यासाठीचाच असावा, आणि त्याची कॉलर पृष्ठभागाला पूर्ण टेकलेली असावी. डिन ५८० या जर्मन मानकानुसार १२ मिलिमीटर आट्यांचा आय-बोल्ट सरळ ओढीला ३४० किलो पेलतो, पण ४५ अंशांच्या तिरक्या ओढीला त्याची मर्यादा २४० किलोवर येते. मोटरवर दिसणारा आय-बोल्ट केवळ मोटर उचलण्यासाठी असतो. त्याला संपूर्ण मशीन टांगू नये.

असे आटे नसतील, तर चौकोनी कॉलमच्या मशीनला पट्टा हेडच्या खालून, कॉलमच्या दोन्ही बाजूंनी घेऊन वर आणण्याची पद्धत रूढ आहे. येथे एक बाब नीट समजून घ्यावी. अशा बांधणीत सगळे वजन हेडमार्फत कॉलमवर जाते, म्हणजे पट्टा हेडला वर ढकलत असतो. हेड स्क्रूवर चढत-उतरत असेल, तर स्क्रू आणि नट त्याला धरून ठेवतात आणि लॉक त्यांच्या मदतीला असतो. परंतु लहान मशीनमध्ये हेड रॅक आणि पिनियनवर (दातेरी पट्टी आणि छोटे दातेरी चाक) चालते आणि त्याला वर खेचणारी स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट (दाबलेल्या वायूचा दांडा) असते. अशा हेडखाली पट्टा घातला, तर संपूर्ण मशीनचे वजन एकट्या लॉकवर येते, आणि लॉक निसटला की हेड सरकन वर जाते. अशा मशीनला पट्टा कॉलमच्या ओतीव भागाला धरून बांधावा आणि हेडवर काहीही भार देऊ नये.

हेड अगदी तळाला नेले, तर पट्ट्याची जागाही खाली सरकते, ही अडचण खरी आहे. त्यावर तोडगा असा की, हेड शक्य तितके खाली, पण पट्टा टेबलाच्या पातळीच्या वर राहील इतके ठेवावे, ठोकळ्याची उंची त्यानुसार निवडावी, आणि कॉलमच्या माथ्याजवळ दुसरा पट्टा घेऊन त्याने मुख्य पट्ट्याच्या दोन्ही बाजू कॉलमशी बांधून घ्याव्यात. हा वरचा पट्टा वजन उचलत नाही. मशीन मुख्य पट्ट्यातून पुढे किंवा मागे वळू नये एवढेच त्याचे काम असते.

पट्टा लीडस्क्रू, हँडव्हील, डिजिटल रीडआउटची स्केल किंवा स्विचची पेटी यांवर दाबला जात असेल, तर तो पुन्हा बांधावा. ओतीव लोखंडाच्या कडा धारदार असतात, म्हणून जेथे पट्टा वळतो तेथे जाड रबर किंवा लाकडाची चकती घालावी. सपाट पॉलिएस्टर पट्ट्यांना युरोपीय मानकात रंग ठरवून दिलेले आहेत: जांभळा १ टनाचा, हिरवा २ टनांचा. फास टाकून बांधल्यास ही क्षमता ८० टक्क्यांवर येते. लेबल फाटलेला किंवा कडेचे धागे तुटलेला पट्टा सरळ बाद करावा. सामान बांधण्याचा रॅचेट पट्टा दिसायला तसाच असला, तरी तो फक्त आवळून धरण्यासाठी बनवलेला असतो, उचलण्यासाठी तो वापरू नये. साध्या दोरीचाही मोह टाळावा; दोरी ताणते, आणि गाठीपाशी तिची ताकद जवळजवळ निम्मी होते.

पट्टा आखूड पडला की त्याच्या दोन बाजू पसरट होतात आणि त्यांवरचा ताण झपाट्याने वाढतो. ३०० किलोचे मशीन दोन बाजूंनी टांगले असताना पट्टा आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर सुमारे १७३ किलो ताण येतो. कोन ४५ अंश झाला की तो २१२ किलो होतो आणि ३० अंशांवर पूर्ण ३०० किलो. कोन ६० अंशांच्या खाली जाऊ न देणे हाच उत्तम नियम; त्यासाठी लांब पट्टा घ्यावा, आणि तेवढी उंची मिळत नसेल तर आडवी दांडी वापरून पट्ट्याच्या बाजू उभ्या ठेवाव्यात.

चाचणी उचल आणि तोल साधणे

बांधणी पूर्ण झाल्यावर लगेच वर नेऊ नये. बेसच्या चारही कोपऱ्यांखाली कागदाची एकेक पट्टी सरकवून ठेवावी, हूक मशीनच्या वर उभ्या रेषेत आहे हे ओळंब्याने पाहावे, आणि क्रेनचा जॅक अगदी सावकाश मारावा. पट्टा ताणला जाऊन किंचित करकरतो, हूक एखाद्या मिलिमीटरने सरकून आपली जागा घेतो, आणि मग कागद एकेक करून सैल होऊ लागतात. आधी मागचे दोन सुटले आणि पुढचे दाबलेलेच राहिले, तर पुढची बाजू जड आहे. डावीकडचे सुटले आणि उजवीकडचे अडकून राहिले, तर उजवी बाजू जड. चारही कागद जवळजवळ एकाच वेळी निघाले, तरच मशीन १० ते २० मिलिमीटर वर घ्यावे आणि काही मिनिटे तसेच टांगून ठेवावे.

पुढची बाजू जड असेल, तर पट्टे सोडून पुन्हा बांधण्याआधी मशीनचाच उपयोग करावा. टेबल आणि सॅडल मिळून बरेच वजन होते आणि ते दोन दिशांना सरकवता येते. मशीन खाली टेकवून, ताण सैल करून, सॅडलचा लॉक सोडावा आणि टेबल कॉलमकडे आणावे, की मध्य मागे सरकतो. मोटर मागे असलेल्या काही मशीनमध्ये मागची बाजू जड निघते, तेथे टेबल बाहेर घ्यावे. डावे-उजवे असंतुलन टेबल आडवे सरकवून निघते. प्रत्येक बदलानंतर लॉक पुन्हा घट्ट करून कागदाची परीक्षा नव्याने घ्यावी. टांगलेल्या मशीनचे हँडव्हील कधीही फिरवू नये, आणि कललेले मशीन हाताने दाबून किंवा त्यावर माणूस लटकवून सरळ करण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. दर वेळी कलण्याची तक्रार करणाऱ्यांपैकी बहुतेकांची अडचण येथेच सुटते, आणि तरीही नेमकी हीच पायरी घाईत वगळली जाते.

टांगलेले मशीन हळूहळू खाली येते

हायड्रॉलिक जॅकवर उचलले असताना असे झाले, तर सोडण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद नसतो, किंवा जॅकच्या आतले सील झिजलेले असतात. व्हॉल्व्ह घट्ट करूनही सरकणे थांबत नसेल, तर त्या जॅकवर काम करू नये. पंप मारताना दांडा स्पंजासारखा दबत असेल, तर तेलात हवा आहे. ओझे न लावता व्हॉल्व्ह उघडा ठेवून काही वेळा पंप मारल्यास ती सहसा निघून जाते. उतरवताना हाच व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडावा, कारण एकदम उघडला तर मशीन दणकन खाली बसते आणि त्या झटक्यात पट्ट्यावर स्थिर वजनाच्या कितीतरी पट ताण येतो.

क्रेन डगमगते किंवा अडकते

घडीच्या फ्लोअर क्रेनच्या बूमवर (हूक असलेल्या पुढच्या हातावर) वेगवेगळ्या भोकांशी वेगवेगळी क्षमता लिहिलेली असते. २ टनांची म्हणून घेतलेली क्रेन बूम पूर्ण बाहेर ओढल्यावर अनेकदा अर्ध्या टनापुरतीच उरते. ३०० किलोच्या मशीनला एवढी क्षमता पुरते, परंतु क्रेन उलटण्याचा धोका वेगळा असतो: हूक नेहमी पुढच्या चाकांच्या मागे, म्हणजे चारही चाकांनी बनलेल्या चौकोनाच्या आत असला पाहिजे. बूम लांब करताना खालचे पायही तेवढेच लांब करावेत.

दुसरी अडचण बेंचची. क्रेनचे पाय बेंचखाली शिरत नाहीत, म्हणून हूक बेंचच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही, आणि मग मशीन तिरके ओढून कडेवर टेकवण्याचा प्रयत्न होतो. बेंच बांधण्यापूर्वीच त्याच्या खालच्या आडव्या दांड्यांची उंची आणि पायांमधले अंतर क्रेनच्या मापाशी ताडून पाहावे. शक्य असेल तेथे क्रेन जागेवर ठेवून, मशीन वर घेऊन, बेंचच तिच्याखाली सरकवावा. उंचावर टांगलेले मशीन घेऊन क्रेन चालवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे.

क्रेन चालवावीच लागली, तर मशीन जमिनीपासून काही सेंटिमीटरच वर ठेवावे आणि कॉलमला सैल पट्टा बांधून एकाने ते झुलण्यापासून रोखावे. या चाकांना अडायला छोटा खडा किंवा फरशीतला सांधाही पुरतो. वाट आधी झाडून घ्यावी आणि सांध्यांवर प्लायवूडचे तक्ते टाकावेत. घरातील छताला पंख्यासाठी बसवलेल्या हुकाला चेन पुली अडकवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. ज्या तुळईची क्षमता हिशेबाने माहीत नाही, ती तुळई या कामाला नाही असेच समजावे.

क्रेन नसेल तर

सपाट जमिनीवर मशीन सरकवायचे असेल, तर ज्या लाकडी पॅलेटवर ते आले त्यावरच बोल्टने घट्ट राहू द्यावे. पॅलेटमुळे बेस रुंद होतो आणि कलण्याची मर्यादा वाढते. पहारीने एक कड थोडी उचलून खाली २५ मिलिमीटर व्यासाचे पाईप घालावेत, किमान तीन, म्हणजे मागचा मोकळा झालेला पाईप पुढे आणेपर्यंत दोन खाली राहतात. पाईप हाताने मुठीत धरून सरकवू नये. तो काठीने ढकलावा.

उंची वाढवायची असेल, तर पहार आणि लाकडी ठोकळे यांचा उपयोग होतो. एक कड २० मिलिमीटर उचलावी, खाली फळी सरकवावी, मग दुसरी कड. फळ्या एकावर एक आडव्या-उभ्या रचाव्यात, म्हणजे चळत रुंद आणि स्थिर राहते. बेंचच्या उंचीपर्यंत जाऊन मशीन आडवे सरकवणे याने शक्य असते, पण वेळ फार जातो आणि प्रत्येक टप्प्यावर धीर लागतो. जड मशीनसाठी मी ही पद्धत दोन-तीन फळ्यांच्या पलीकडे सुचवणार नाही.

जिना आडवा आला, तर मशीन उघडण्यावाचून चांगला मार्ग नाही. टेबल आणि सॅडल आधी, मग हेड, मग कॉलम. हेड काढण्यापूर्वी त्याच्याखाली ठोकळ्यांचा पूर्ण आधार हवा आणि हूक त्याला लावलेला हवा, कारण हेड कलते करता येणाऱ्या मशीनमध्ये ते धरणारे नट सैल होताच मोटरच्या बाजूला भस्सकन फिरते. लहान मशीनमध्ये स्प्रिंग किंवा गॅस स्ट्रट ताणलेला असतो. त्याचा ताण मॅन्युअलमधील पद्धतीने आधी उतरवावा. वायर सोडण्यापूर्वी प्रत्येक टोकाला खूण करून फोटो घ्यावा. गिब (सरकत्या भागातली ढिलाई घालवणारी पट्टी) काढल्यास ती कोणत्या टोकाने आणि कोणत्या बाजूला होती, हेही लिहून ठेवावे.

काम कोणत्याही पद्धतीने केले, तरी तीन बाबींना अपवाद नाही. मशीनच्या खाली किंवा ते पडू शकेल त्या बाजूला हात, पाय किंवा माणूस नको. सूचना देणारा एकच असावा आणि बाकीच्यांनी त्याचेच ऐकावे. आणि मशीन पडू लागले, तर ते पडू द्यावे. त्याला पकडण्यासाठी पुढे होणे ही स्वाभाविक प्रतिक्रिया असते, म्हणूनच मागे सरायचे हे सर्वांशी आधी बोलून घ्यावे.

बेंचवर टेकल्यानंतर

पट्टा सोडण्याआधी बेसचे बोल्ट हाताने तरी लावून घ्यावेत. टेबल पुढे ओढलेले, हेड वर आणि बेस मोकळा, अशा स्थितीत बेंचवरचे मशीन थोड्याशा ढकलण्यानेही पुढे येऊ शकते. बेंच स्वतः भिंतीला किंवा जमिनीला पक्का केलेला असावा. बोल्ट आवळताना स्पिंडलला डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणारे मापक) लावून त्याची टीप टेबलावर ठेवावी. आवळताना काटा हलला, तर बेसखाली पोकळी आहे आणि कॉलम पिळला जात आहे. त्या कोपऱ्याखाली शिम (धातूची पातळ पट्टी) घालून काटा स्थिर राहीपर्यंत हे काम करावे. हेड काढले असेल किंवा वाटेत त्याला धक्का बसला असेल, तर ते टेबलाशी काटकोनात आहे का, हे डायल गेज गोल फिरवून पुन्हा तपासावे. शेवटी हेडखालचा ठोकळा काढावा, तिन्ही अक्षांचे लॉक सैल करावेत, स्लाइडवर तेल द्यावे, आणि प्रत्येक हँडव्हील हाताने पूर्ण फिरवून कोठे अडत नाही याची खात्री झाल्यावरच वीज जोडावी.